बंबातलं पाणी

आमच्याकडचे किस्से मी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "लिहून ठेव की हे कुठंतरी!" लिहिणार कधी? एका किश्श्याचा राग उतरायच्या आत दुसऱ्याचा फोन येतो! आता तर रागाची थप्पी लागलीय. चहाला बसलोच आहोत, तर थोडी तुमच्यापुढे उतरवते.

आधी माझं काम सांगते, कारण ते कुणालाच कळत नाही. सासूबाईंना अजून वाटतं, मी शिडी चढून आग विझवते. तसं काही नाही. सोलापुरातली फायर स्टेशनं, अ‍ॅम्ब्युलन्सचा डेपो आणि दोन्हींची कंट्रोल रूम, यांची देखभाल माझ्याकडे. शटर, जनरेटर, मोटार, संडास, फोन, दिवे, सगळं. बंब गेटाबाहेर पडला की माझं काम संपलं. पण तो बाहेर पडताना त्याच्या टाकीत पाणी असलंच पाहिजे, ही जबाबदारी माझी.

ऐकायला सोपं वाटतं ना? आमच्या गावात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांआड. आलं की लोक ऑफिसला दांडी मारतात. अशा गावात पाण्यानं गच्च भरलेली लाल गाडी रस्त्याकडेला उभी ठेवायची आणि तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही. करून बघा!

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. कंट्रोल रूममध्ये फोनची लाइन तपासत होते, तेवढ्यात इमर्जन्सीचाच फोन वाजला. ऑपरेटर जेवत होता, म्हणून मी उचलला.

"गाडी पाठवा की वो. लई अर्जंट हाय."

"कुठं लागलीय आग?"

"आग न्हाय. लगीन हाय."

माणूस मुलीचा मामा होता. मांडवात हजारभर माणूस, आचारी आलेला, टँकरवाल्यानं ऐनवेळी टांग मारलेली. मी समजावून सांगितलं की हे पाणी आगीसाठी राखीव असतं, लग्नाला देता येत नाही. तो म्हणाला, "आचारी चुली पेटवून बसलाय मॅडम. मंजी आग हायच की!"

मी जरा आवाज चढवला. तो मात्र शांतपणे विचारत राहिला.

"मांडव पेटला तर याल न्हवं?"

"यावंच लागेल."

मग पलीकडे तो कुणाला तरी विचारत होता, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "तात्या, मांडवाचा एक कोपरा पेटवला तर चालंल का?"

*

हे झाले बाहेरचे लोक. आता घरचे ऐका.

एका स्टेशनातल्या बोअरची मोटार जळाली. बंब भरायची सोय तीच. नवीन मोटारीसाठी मी आमच्याच खात्याच्या स्टोअरला फोन केला. तिथले बाबू पान खाऊन बोलत होते.

"मोटार लगेच मिळत नसती. वरून मंजुरी येईस्तवर थांबा."

"अहो, मधल्या काळात आग लागली तर?"

"तर फायर ब्रिगेडला फोन करायचा."

"आम्हीच फायर ब्रिगेड आहोत!"

"मग तर तुमचं कामच सोपं झालं की," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मोटार शेवटी मी शेजारच्या गॅरेजवाल्याकडून हातापाया पडून तात्पुरती आणली. तो मंगळसूत्राकडे बघून म्हणाला, "वहिनी, सरकार तुमचं, आन मोटार माझी?"

*

आता आमचे साहेब. नाव सांगत नाही, नोकरी करायचीय.

साहेबांना मॉक ड्रिलची फार हौस. म्हणजे आग लागलीय असं समजायचं आणि बंब नेऊन विझवायची. चांगली गोष्ट आहे. सराव पाहिजेच. पण कुठल्या शाळेत घ्या, दवाखान्यात घ्या, सिनेमा थिएटरमध्ये घ्या! साहेबांची ड्रिल दर मंगळवारी त्यांच्या बंगल्याच्या आवारात. लोक फाटकाजवळ उभे राहून बघायचे. साहेब व्हरांड्यातून ऑर्डर द्यायचे, "समजा, डाव्या बाजूला आग लागलीय!" डाव्या बाजूला गुलाब. "आता समजा, ती उजवीकडे पसरली!" उजवीकडे लॉन.

होज, म्हणजे बंबाचा पाइप, धरायला आमचे गौसभाई. वीस-बावीस वर्षांची नोकरी, कधी उलट बोलणार नाहीत. एका मंगळवारी परत आले, होज गुंडाळून ठेवला आणि मला म्हणाले, "मॅडम, इस साल गुलाबां कू लई आग लगरी."

त्या उन्हाळ्यात शहरातली झाडंसुद्धा माना टाकून उभी होती. साहेबांच्या गुलाबाला मात्र प्रदर्शनात बक्षीस मिळालं. फोटोत साहेब, त्यांच्या मिसेस आणि गुलाब. गौसभाईंचा पाइपसुद्धा आला नाही हो फोटोत!

*

अ‍ॅम्ब्युलन्सची गोष्ट सांगू की नको असं होतं मला, कारण ती आठवली की जेवण जात नाही. पण सांगते.

अ‍ॅम्ब्युलन्स धुण्याचं कंत्राट दिलेलं आहे. आठवड्यातून एकदा, सोमवारी. एका गुरुवारी हायवेला मोठा अपघात झाला. जखमींना पोचवून गाडी डेपोत आली तेव्हा आत पाय ठेवायची सोय नव्हती. ड्रायव्हर दाराशी उभा राहून ओकत होता. पुढचा पेशंट कुठल्याही क्षणी येणार, कदाचित बाळंतीण असेल, आणि डेपोच्या नळाला टिपूस नाही. मी कंत्राटदाराला फोन लावला.

"मॅडम, धुवायचं सोमवारी असतंय. तुमी आधी सांगायचं की."

"अपघात आधी सांगून होतो का?"

"तसं न्हवं. पर साधारण अंदाज येत असंल की तुमाला!"

मी त्याला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. मग बंबाचा ड्रायव्हर शिवलिंगप्पा, अक्कलकोटकडचा, कुणाला न विचारता बंब घेऊन डेपोत आला. चार-सहा बादल्या पाण्यात आम्ही सगळ्यांनी मिळून ती गाडी धुतली. मीसुद्धा पदर खोचून धुतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "आगीचं पाणी आहे ते. अपघाताला कसं काय वापरलंत?"

मला गुलाब आठवले. तशीच बाहेर आले.

*

पण राग काय एकाच बाजूचा येतो? शुक्रवार पेठेतून एकदा फोन आला. "धूर येतोय! लवकर या!" बाईच्या आवाजात इतका घाबरेपणा की ऑपरेटरनं पत्ता पुरता ऐकायच्या आत बेल दाबली. शिवलिंगप्पानं बंब असा काढला की चौकातला फळवाला गाडा सोडून पळाला. मी त्याच बाजूला निघाले होते, मागोमाग पोचले.

बोळाच्या तोंडाशी काय असावं? बादल्या, कळशा, कुकर, पिंप, बाळाला आंघोळ घालायचं घमेलं! सगळं ओळीनं मांडलेलं. आणि प्रत्येक भांड्यामागं त्याची मालकीण.

शिवलिंगप्पा चिडला की कानडीत जातो. "बेंकी एल्लैती?" तो गरजला. "आग कुटं हाय?"

एक काकू पुढं आल्या. हातात उदबत्ती. "ही काय! धूर हाय का न्हाय, तुमीच सांगा."

मी तर पेटलेच. म्हटलं, बाई, याच वेळेला खरोखर कुणाचं घर जळत असेल तर? लाज नाही वाटत खोटं बोलायला?

"वाटती की," काकू म्हणाल्या. "पर आमी महिनाभर खरं बोललो, नळाचा पाइप फुटलाय म्हनून. कोन आलं?"

शिवलिंगप्पानं गाडी रिव्हर्स घेतली. पाणी त्यानं दिलं नाही, द्यायचंही नव्हतं, पण त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही. साहेबांनी काकूंना नोटीस पाठवली. पाइप कुणी बघायला गेलं असेल, तर मला माहीत नाही.

*

शेवटचा सांगते आणि उठते.

यंदाच्या उन्हाळ्यात साहेबांनी फेरी काढली. विषय, 'पाणी वाचवा'. शाळेची मुलं, लेझीम, घोषणा, फेटे. आणि सगळ्यांच्या पुढे आमचा बंब, वरून फवारा मारत! उन्हात मुलांना बरं वाटेल आणि फोटो चांगले येतील म्हणून.

मी आदल्या दिवशी विरोध केला होता. "साहेब, टाकी रिकामी होईल. कॉल आला तर?"

"मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता. तेवढ्या वेळात कुणाला आग लागतीय?"

त्या भागातला दुसरा बंब सकाळीच अक्कलकोट रोडला पेटलेल्या कडब्याच्या गंजीवर गेलेला. फेरी संपली, शिवलिंगप्पा गाडी भरायला वळवतोय, तोच कॉल आला. पूर्व भागात एका घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग पेटले होते. कापसाची तुसं उडालेली, बाजूच्या खोलीत सुताचे गठ्ठे, आणि भिंतीला भिंत लागून घरं. भरून जायला वेळच नव्हता. तळाशी होतं तेवढं घेऊन तो निघाला. मी स्कूटर काढली आणि मागे धावले, निदान जवळपास कुणाची बोअर मिळाली तर मोटार जोडून देता येईल म्हणून.

मी पोचले तेव्हा गौसभाई नोझल धरून शेडच्या दारात उभे होते. धार बारीक झाली. मग नुसती हवा आली. गौसभाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्या माणसाला आगीपुढे रिकाम्या हातानं उभं केलं होतं आम्ही.

माग लक्ष्मीअक्कांचे. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच मागांवर दोन मुली शिकवल्या, हे मला नंतर कळलं. अक्का अंगणात पिंपापाशी उभ्या होत्या. निळं प्लास्टिकचं पिंप, वर झाकण, झाकणावर दगड. तसलं पिंप त्या बोळात प्रत्येक दारात होतं. नळाची पाळी अजून लांब होती. अक्कांनी दगड उचलून फेकला, झाकण काढलं आणि बोळाकडे तोंड करून तेलुगूत ओरडल्या, "नीळ्ळू तेंडी!" पाणी आणा!

बायका आल्या. माणसं आली. कुणी बादली, कुणी घागर, कुणी भाजीचं पातेलं. एकानंही "माझं पाणी" म्हटलं नाही. गौसभाई आणि आमची बंबावरची पोरं पुढे, बोळातली माणसं मागे, हातोहात पाणी. सगळी पिंपं तळाला गेली तेव्हा आग विझली. दोन माग गेले, दोन वाचले. सूत वाचलं. शेजारची घरं वाचली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी भिंतीला टेकून रडले, आणि रडताना दात-ओठ खात होते.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. डोक्यावर फेटा तसाच, छातीवर 'पाणी वाचवा'चा पट्टा तसाच. बोळात पाऊल टाकलं तर काळं पाणी बुटावर आलं. साहेबांनी पँट वर धरली आणि चहूकडे बघितलं.

"अरे अरे अरे! केवढं पाणी वाया घालवलंय! आजच आपण फेरी काढली. जरा जपून वापरायला शिका!"

शिवलिंगप्पा एक पाऊल पुढं आला, गौसभाईंनी त्याचा दंड धरला.

लक्ष्मीअक्का घरात गेल्या. हात काळे, पदर जळालेला. दारात माणूस आला की आधी पाणी विचारायचं, ही त्यांच्या घरची रीत. आतून त्या तांब्या घेऊन आल्या. घरात आता तेवढंच होतं. पदरानं तांब्याचा काठ पुसून त्यांनी तो साहेबांपुढं धरला.

"पानी घ्या, सायेब."

साहेबांनी एक घोट घेतला. "गार नाही का?" म्हणाले, आणि उरलेलं पाणी बुटांवर ओतून चिखल धुतला.