आत्याचं ताट आणि सात गाड्या

आख्ख्या वसईत गाड्या थांबवणारा खरा सिग्नल एकच, तो म्हणजे माझी आतेसासू. उंचीला माझ्या खांद्याएवढी, दोन्ही गुडघे गेलेले, पण सात-सात गाड्या एकदम थांबवायची. मी आठवी शिकलेली, आगाशीच्या वाडीतली, जन्माची घाबरट. लग्न होऊन पाचूबंदरला आले तर उंबरा ओलांडला की सरळ डांबर, मध्ये अंगण नाय, पायरी नाय, आणि त्या रस्त्यावर रोज दिवेलागणीला पोरं मोटारसायकलींची शर्यत लावायची, जेटीपासून किल्ल्यापर्यंत आणि परत. मध्ये स्पीडब्रेकर घातला तर त्याच्यावरून उड्या मारायला लागली. मी माझ्या लेकीला, तनूला, कडेवर घेऊन आतून कडी लावून बसायचे आणि शेवटची गाडी गेली की मग श्वास सोडायचे.

आत्याचं तसं नाय. ती ओट्याशी बोंबील साफ करत बसलेली, कान रस्त्याकडे, आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "हा विहिरीजवळचा. गाडीला खोकला झालाय, आनि याला घरात कोनीतरी बोललंय, बघ कशी पिळतोय." सकाळी मासळीच्या लिलावात त्याच्या आईला विचारलं की खरंच आदल्या दिवशी भांडण झालेलं असायचं.

तर एकदा माझ्याकडून कडी लावायची राहिली. बाहेर फुगेवाल्याची पिपाणी वाजली, तनू तीन वर्षांची, धावली, आणि एक गाडी तिच्या फ्रॉकची झालर उडवून गेली. झालरच, बाकी काही नाय, पण तिला पोटाशी धरून मी रस्त्याच्या कडेला बसूनच राहिले. आत्या आत देवाला ओवाळत होती. तशीच ते ताट घेऊन बाहेर आली, निरांजनावर हाताचा आडोसा धरून, आणि बरोब्बर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मला वाटलं हिचं डोकं फिरलं, आता पोरं किल्ल्यावरून परत फिरतील आणि हिला घेऊन जातील.

आमच्याकडचं पोरगं सिग्नल तोडेल, शिट्टीला भीक घालणार नाय, पण पेटलेल्या ताटाला ओलांडून जायची त्याची छाती नाय. सातही गाड्या कचकन थांबल्या. आत्याने आधी इंजिनं बंद करायला लावली, म्हणाली एवढ्या आवाजात देवाला ऐकू येत नाय. मग एकेकाला सावकाश ओवाळलं, कुंकू लावलं, जेवलास काय, आई कशी हाय, सगळं विचारलं. सातव्याची पाळी येईपर्यंत शर्यत चहासारखी गार झालेली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. एक ख्रिस्ती पोरगा कुंकवाला लाजायचा, त्याच्या कपाळावर ती कोऱ्या अंगठ्याने क्रूस काढायची, त्याची आई काढते तसाच. एकदा पोरांना पकडायला हवालदार आला, स्वतःच बिनहेल्मेटचा, तर त्यालाही रांगेत उभा करून ओवाळला आणि सांगितलं, तुझी आई गावाला असेल म्हनून मी सांगते, डोक्यावर काय तरी घाल. तो बिचारा कुंकू घेऊनच चौकीवर गेला. बोलणारे बोललेच. एका पोराची आई दारात येऊन म्हणाली, विधवा बाईने माझ्या पोराला ओवाळायचं नाय. आत्या भांडायला एक नंबर, पण त्या दिवशी आवाज चढवला नाय. "माझा नवरा समुद्रातनं परत आला नाय गो," म्हणाली. "तुझा पोरगा रस्त्यावरनं परत यावा म्हनून करते." ती बाई गेली, आणि दुसऱ्या दिवशी ताटासाठी तेलाची बाटली पाठवली.

आता आत्या जूचंद्रला लेकीकडे आहे. न्हाणीघरात पाय घसरला, प्लास्टर आहे, आणि परत कधी येईल ते डॉक्टर नीट सांगत नाय. पहिले दोन दिवस मी कडी लावून बसले. तिसऱ्या दिवशी आवाज आधीसारखाच वाढलेला ऐकला, तनू खिडकीत उभी होती, आणि माझं मलाच कळलं नाय मी ताट कधी घेतलं. वारा किती होता सांगू, दोनदा वात विझली, कुंकू अर्धं डांबरावर सांडलं. पहिली गाडी थांबली. पोरगा माझ्यामागे दाराकडे बघत म्हणाला, "आजी नाय?" तो एवढंच बोलला आणि इंजिन बंद करून त्याने कपाळ पुढे केलं.

घरात येऊन मी आत्याला फोन लावला. मी रडत होते, तिने विचारलं, "किती थांबले?"

मी म्हटलं, सहा. एक बाजूने गाडी काढून गेला.

मला तिकडून तिच्या नातवंडांचा टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणाली, "कुठला गेला? खोकल्याचा?"

हो, म्हटलं.

"त्याला गोड आवडतं," आत्या म्हणाली. "उद्या ताटात साखर ठेव."