आधी पाणी मागायचं

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी इगतपुरीत होते आणि नव्या कार्यकर्त्या मुलींना गृहभेट कशी करायची ते शिकवत होते. सकाळच्या सत्रात मी दर वेळी सांगते तेच सांगून झालं होतं. कुणाच्याही घरात शिरलात की वही काढू नका, प्रश्न विचारू नका, आधी पाणी मागा. पाणी मागितलं की तुम्ही पाहुण्या होता, साहेब राहत नाही. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत आमच्या एमएसडब्ल्यूच्या बॅचमधल्या एका मित्राचा फोन आला आणि तो म्हणाला, "वैशाली गेली." मी विचारलं, "कुठे?" खरंच, हेच विचारलं मी. तिची बदली झाली असेल, नवी नोकरी लागली असेल, असलंच काहीतरी डोक्यात आलं...  मग त्यानं सांगितलं, की सकाळी कामावर जायला हरसूलच्या गाडीसाठी ती सीबीएस स्टँडवर उभी होती, डोकं धरून खाली बसली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. छत्तीस वर्षांची होती. त्याच्या तीनच आठवडे आधी माझ्यासमोर बसून तिनं मिसळीवर दोनदा रस्सा मागून घेतला होता. आज महिना होत आला, तरी माझ्या डोक्यातला तो "कुठे?" काही जात नाही.

मुलींनी वहीत उतरवलेलं ते वाक्य माझं नाही, हे आधी सांगून टाकते. ते वैशालीचं. दहा वर्षं मी ते ठिकठिकाणच्या प्रशिक्षणांत माझं म्हणून खपवलं. तिला ते कळलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, की वापर बाई, पण निदान पीत तरी जा.

आमची ओळख एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षातली. मी वणीजवळच्या गावातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. समाजकार्य म्हणजे गरिबांना काहीतरी वाटायचं, एवढीच माझी समज होती, आणि वाटायचा मला भारी उत्साह होता. वैशाली नाशिकरोडच्या एका वसाहतीत वाढलेली, बौद्ध कुटुंबातली, वडील कारकून. तिला कसलाच उत्साह दिसायचा नाही. वर्गात मागे बसायची, प्रश्न कमी विचारायची, आणि विचारला की सर खडू खाली ठेवायचे. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असे. आमची जोडी लागली आणि हरसूलकडचा एक पाडा आम्हाला मिळाला. सकाळची एसटी, घाटातली वळणं, मग दोन किलोमीटर पायी. परत आल्यावर अहवाल लिहायचा. कोण काय बोललं, आपण काय बोललो, त्या वेळी मनात काय आलं, सगळं जसंच्या तसं. मनातलं लिहिताना मी हमखास चार चांगली वाक्यं घालायचे, आणि ती वाचून वैशाली बसमध्ये खिडकीबाहेर बघत हसायची.

पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीच्या घरी गेलो. तिनं बसायला गोणपाट टाकलं आणि तांब्या भरून पुढे केला. मी म्हणाले, नको आजी, आहे माझ्याकडे, आणि पिशवीतून बाटली काढून गटागटा प्यायले. म्हातारीनं तांब्या हातातच धरला. "आमचं पानी नाय चालत का तुला?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती. मी पोट बिघडतं, डॉक्टरांनी सांगितलंय, असलं काहीबाही सांगत बसले. वैशालीनं तो तांब्या घेतला, वरून ओतून अर्धा संपवला, तोंड पुसलं आणि वर म्हणाली, "आजी, अजून द्या, चढून आलोय." त्यानंतर तासभर म्हातारी बोलत होती आणि त्यातला शब्दही माझ्याशी नव्हता. परतीच्या पायवाटेवर मी फणकारले, की मला खरंच बाधतं पाणी. ती चालता चालता म्हणाली, "बाधलं तर गोळी घे. पण बाटली पिशवीत ठेव. घरात गेलं की आधी पाणी मागायचं. ते द्यायच्या आत मागायचं." अहवालात मी लिहिलं, 'पाणी घेतले नाही. कारण : आरोग्य.' सरांनी त्याखाली रेघ ओढून एवढंच विचारलं होतं, 'नक्की?' मी ती वही वैशालीला दाखवली. तिनं वाचली आणि मिटून परत दिली.

पुढे मी शिकले. पाड्यावरचं, वस्त्यांवरचं, कुठलंही पाणी प्यायला लागले, चांगली वटवट करायला लागले, पदवी मिळाली, नोकरी मिळाली. कॉलेजात वैशालीच्या डब्यातलं मी उष्टंसुद्धा खायचे, त्यात कधी काही वाटलं नाही. पण तिच्या घरी मी गेले नाही. एकदाही नाही. निकाल लागला त्या दिवशी तिच्या आईनं आम्हा दोघींचा स्वयंपाक करून ठेवला होता आणि मला नेमकी वणीची गाडी पकडायची होती. तिच्या भावाच्या लग्नात मी आहेर कुणाच्या तरी हाती पाठवला. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं, हीच तर गंमत. आणि मीही तिला गावी बोलावलं नाही. तोडणीच्या दिवसांत एकदा बाग बघायचीय, असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. आमच्या मागच्या पडवीत कोनाड्यात मजुरांच्या कपबश्या वेगळ्या ठेवलेल्या असत. आईनं वैशालीला कोणत्या कपात चहा दिला असता, ते मला माहीत होतं. आणि मी तिच्याकडे जेवून आले तर घरी काय विचारलं जाईल, तेही. त्यावर भांडायचं सोडून मी गाड्या पकडत राहिले. दुसऱ्यांच्या घरातले भेदभाव टिपून घेण्याची मला पदवी होती, आणि स्वतःच्या घराबद्दल मी कधी एक ओळ लिहिली नाही. याची मला लाज वाटते. आता वाटून उपयोग नाही, तरी वाटते.

ती जायच्या तीन आठवडे आधीची ती मिसळ ही आमची शेवटची भेट. ती हरसूलहून आलेली, मी एका बैठकीतून सुटलेली. आमच्या सगळ्या भेटी अशाच... स्टँडवर, कँटीनमध्ये, कुणाच्या तरी ऑफिसच्या जिन्यात. बोलता बोलता ती म्हणाली, "घरी ये ना एकदा. आई विचारत असते, तुझी ती वणीची मैत्रीण खरी आहे की अहवालात लिहायला बनवलीस?" मी खूप हसले. येत्या रविवारी नक्की, म्हणाले. तिनं मान हलवली आणि रस्सा मागवला. तो रविवार आला आणि गेला. मी कपाट आवरत होते. पुढचे दोन रविवारही असेच गेले आणि त्यानंतरच्या मंगळवारी ती गेली.

त्या दिवशी इगतपुरीहून कशी आले आठवत नाही. नाशिकरोडला उतरले आणि लक्षात आलं, की मला तिचं घर माहीत नाही. बारा वर्षांची मैत्रीण, आणि एका किराणा दुकानदाराला मी तिचं नाव सांगून पत्ता विचारत होते. त्यानं हातानं गल्ली दाखवली आणि म्हणाला, "ताई, आत्ताच नेलं." गल्लीच्या तोंडाशी मी उभी राहिले. पुढे चपलांचा ढीग दिसत होता. हे घर पहिल्यांदा बघायचं ते असं?  मी मागे फिरले.

पाचव्या दिवशी गेले. दोन खोल्या, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, भिंतीला टेकून बसलेल्या चार बायका. वैशालीची आई मला बघून म्हणाली, "तू मनीषा ना? वणीची?" मी हो म्हणाले. त्यांनी मला शेजारी बसवलं, माझा हात हातात घेतला. मागोमाग दोन बायका आल्या. काकूंनी सुनेला खूण केली, तिनं त्यांना पाणी आणून दिलं. मला नाही. थोड्या वेळानं आणखी कुणी आलं, त्यांनाही पाणी आलं. मला नाही. आपल्याकडे वैरी जरी दारात आला तरी पाणी विचारतात. मला वाटलं, बरोबरच आहे. यांना सगळं माहीत आहे. बारा वर्षं जी आली नाही, तिला कशाला विचारायचं... घशाला कोरड पडली होती. पिशवीत बाटली होती. माझा हात सवयीनं तिकडे गेला आणि थांबला.

"काकू," मी म्हणाले, "मला पाणी द्याल?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग त्या रडायला लागल्या. पाच दिवसांत त्या पहिल्यांदाच रडल्या, असं सून मला नंतर म्हणाली. जरा शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "वैशूनं सांगून ठेवलं होतं. मनीषा कधी आली तर आपणहून पाणी पुढे करू नका. तिला नको म्हणावं लागेल, आणि मग ती पुन्हा यायची नाही. थांबा म्हणाली. ती मागेल."

सून पाणी आणायला उठली, तर काकूंनी तिला बसवलं आणि स्वतः आत गेल्या. मांडणीवरून त्यांनी एक स्टीलचा पेला उतरवला, पदरानं पुसला, भरून आणला. त्यावर बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, 'चि. वैशाली, दहावी पास झाल्याबद्दल, मावशीकडून'. ती घरी असली की याच पेल्यानं पाणी प्यायची, त्या म्हणाल्या. मी तो तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

आता मी रविवारी जाते. दारात चपला काढल्या की आधी पाणी मागते. काकू मांडणीवरच्या त्या पेल्याकडे हात करतात.