मास नदीच्या उगमापर्यंत

सायकल मी छत्तिसाव्या वर्षी शिकले, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये, बायकांसाठी चालणाऱ्या एका वर्गात. पुण्यात स्कूटर चालवायचे, पण सायकल राहूनच गेली होती. नवरा मात्र लहानपणापासून सायकलवेडा. त्यामुळे मास नदीच्या काठाकाठानं थेट फ्रान्समधल्या तिच्या उगमापर्यंत जायचं, तंबूत राहायचं, असं त्यानं काढलं तेव्हा दोन वर्षं मी विषय टाळला. मग एका मे महिन्यात तयार झाले.

मास्ट्रिख्तपर्यंत रस्ता बहुतेक सपाट होता. बेल्जियममध्ये चढ लागले आणि मी उतरून सायकल ढकलू लागले. तो वर जाऊन थांबायचा, बोलायचा काहीच नाही. त्या न बोलण्याचाच मला राग यायचा. शेवटी तसं सांगितलं, तेव्हापासून तो माझ्या मागून येऊ लागला.

फ्रान्समध्ये नदी दिवसेंदिवस लहान होत गेली. संध्याकाळी एखाद्या गावच्या कॅम्पिंगवर तंबू ठोकायचा, छोट्या गॅसवर खिचडी टाकायची. एका सकाळी बेकरीत मला दोन क्रुवासाँ हवे होते. फ्रेंच आकडे नीट आठवेनात, मी ठामपणे 'दूझ' म्हणाले आणि बाईंनी बारा बांधून दिले. मागे रांग होती, म्हणून मुकाट्यानं घेतले. जास्तीचे शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या डच आजी-आजोबांना नेऊन दिले. त्यांनी कॉफीला बसवून घेतलं.

उगम आता पंचेचाळीस किलोमीटरवर होता आणि नेमका त्याच सकाळी नवऱ्याचा गुडघा सुजला. पायडल मारवेना. मी म्हटलं, इथूनच ट्रेननं घरी जाऊ. आजोबांनी सुचवलं की त्याला, त्याच्या सायकलला आणि सगळ्या सामानाला ते गाडीतून उगमाशी सोडतील.

नवरा माझ्याकडे वळला. "तू सायकलनं ये."

"एकटी?"

"आपल्यातलं कुणीतरी सायकलनं पोचायला हवं. आता तूच पोचू शकतेस."

त्याला किती जड गेलं असेल हे मला कळत होतं. म्हणून नाही म्हणवलं नाही.

सामान नसल्यामुळे सायकल हलकी चालत होती. एकदा रस्ता चुकून कुणाच्या गोठ्यापाशी पोचले. तिथल्या शेतकऱ्यानं लहान मुलाला हात धरून न्यावं तसं बरोबर चालत येऊन मला वळणापर्यंत सोडलं. दुपारी एका लांब चढावर दम लागला, शिव्या घातल्या, पण माथ्यावर आले तेव्हा लक्षात आलं की मी उतरलेच नव्हते. कडेची नदी एव्हाना उडी मारून ओलांडता येईल एवढीच उरली होती.

उगम म्हणजे दगडी चौकटीतून झिरपणारं बारीकसं पाणी. नवरा शेजारी पाय लांब करून बसला होता. मला पाहून लंगडत उठला आणि माझी बाटली त्या पाण्याखाली धरली. भरायला बराच वेळ लागला.

"वाईट वाटलं का रे?" मी विचारलं.

"सकाळी वाटलं. पण मघाशी तू वळणावर दिसलीस ना, मी आजोबांचा दंड धरून म्हणालो, ती बघा, आली."

आजींनी आमचा फोटो काढला. त्यात आम्हा दोघांची डोकी कापली गेली आहेत, पाणी मात्र सुरेख आलंय.