मुलीनं बटण नीट दाबलं नसेल

लातूरच्या एका कोचिंग क्लासचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. आज मेडिकलची परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचसाठी अर्ज भरायला दुपारी बारापर्यंत मुदत होती. पावणेबाराला अर्ज अडकू लागले.

आमचा प्रोग्राम प्रत्येक अर्जासाठी बाहेरच्या सर्व्हिसकडून मार्क मागवतो. त्यासाठी उघडलेलं कनेक्शन तो बंदच करत नाही. हळूहळू मेमरी भरते आणि सगळं टाइमआउट होतं. दोन वर्षं आम्ही रोज सकाळी सर्व्हर बंद करून चालू करतो, म्हणून भागतं. आज गर्दी होती.

नवीन आलेली सुनीता म्हणाली, "सर, कोडमधल्या एका ओळीचं काम हाय. दहा मिनिटं द्या."

"संशोधन नंतर कर, बाई," संचालक म्हणाले. "बंद करून चालू करा."

तसं केलं की मेमरीत थांबलेले अर्ज पुसले जातात. मला ते माहीत होतं. मी केलं.

साडेबाराला जळकोटचे एक वडील मुलीला घेऊन आले. "बाराच्या आधीच भरलाय, सायेब. स्क्रीनवर नुसतं चाक फिरायलंय. तुमी कॉम्प्युटरवाले, तुमीच सांगा."

संचालक माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, "मुलीनं बटण नीट दाबलं नसेल."

वडील तिच्याकडे वळले. "लई हुशार ना तू? एक बटण दाबता येईना?"

"चुकलं, पप्पा," ती म्हणाली. तिला ते खरंच वाटलं होतं.

जागा संपल्या. क्लासच्या जुन्या चाचणी परीक्षेच्या यादीत तिचा फोन नंबर आहे; फोन करता येईल. आता खरं सांगून प्रवेश मिळणार नाही. माझ्या जागी तुम्ही तरी सांगाल का?