फोन दहाला आला होता

माईक हातात घेण्याआधी ते चष्मा काढून खिशात ठेवायचे. बीडच्या बसस्थानकावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला याचं नवल वाटायचं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "चष्मा असला की माणसं दिसतात. माणसं दिसली की आवाज हालतो."

ते कंट्रोल रूममध्ये गाड्या पुकारायचे, मी शेजारच्या पासच्या खिडकीवर. मधे एक लाकडी फळी. अठरा वर्षं त्या फळीपलीकडून मी त्यांचा आवाज ऐकला. त्यांना सगळे 'कंट्रोलर' म्हणत, मीही तेच म्हणेन. गाडी तासभर उशिरा असली आणि कुणी खिडकीवर येऊन भांडायला लागलं, की ते शांतपणे सांगायचे, "येती. न येऊन जाती कुठं?" भांडणारा हसायचा आणि परत जाऊन बाकावर बसायचा.

त्यांना एकच नाद होता. हिंदी सिनेमातला एक नट, जो पुढं दिग्दर्शकही झाला. तुम्हीही असे चाहते पाहिले असतील, पण हे वेगळे होते. नटाचे कपडे, त्याचं लग्न, त्याची भांडणं यातलं त्यांना काही ठाऊक नसायचं. ठाऊक असायचे ते फक्त त्याचे पुरस्कार. कोणत्या साली कोणत्या भूमिकेला काय मिळालं, कोणत्या साली नुसतं नामांकन झालं, कुणी हिरावून नेलं. सगळी कात्रणं एका जुन्या वहीत चिकटवलेली. "बाकीचे हिरो हायत," ते म्हणायचे, "हा माणूस हाय."

त्या नटानं दिग्दर्शित केलेल्या पहिल्या सिनेमाला एकही बक्षीस मिळालं नाही, त्या दिवशी यांनी डबा उघडला नाही. दुसऱ्याला मिळालं, तेव्हा परळीची गाडी पुकारून झाल्यावर त्याच दमात अख्ख्या स्थानकाला ती बातमी सांगितली. डेपो मॅनेजरनं मेमो दिला. त्याचं लेखी उत्तर एका ओळीचं होतं: 'बातमी आनंदाची होती.'

आणि एके दिवशी तो नटच बीडला आला.

बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या एका माणसाची गोष्ट त्याला करायची होती. भूमिका त्याची, दिग्दर्शनही त्याचंच. मला बऱ्यापैकी हिंदी येतं म्हणून त्याला सगळं दाखवायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी त्याला सरळ फळीपलीकडं नेलं. कंट्रोलर खुर्चीतून उठले. आयुष्यभर बोलून पोट भरणारा माणूस, नुसता हात जोडून उभा.

पाच आठवडे तो त्यांच्या खुर्चीशेजारी बसला. त्यांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खाल्ला. त्यांना 'गुरुजी' म्हणाला. चष्मा काढायची लकब, मानेचा हेलकावा, 'न्हाई' म्हणताना लांबणारा सूर, सगळं उचललं. कंट्रोलर भरभरून देत होते. घरी आलेल्या पाहुण्यासाठी माणूस ठेवणीतलं काढतो, तसं.

एका दुपारी आम्ही तिघं पालीला बिंदुसरेच्या धरणाकडं गेलो होतो. भिंतीवर बसल्या बसल्या नटानं विचारलं, त्या खुर्चीत बसून सगळ्यात अवघड पुकारा कोणता केला? कंट्रोलरनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. मी म्हणालो, "सांगा की. माणूस विश्वासाचा हाय."

हे माझं वाक्य. ते मला आजही विसरता येत नाही.

मग त्यांनी सांगितलं. ते नेकनूरला राहत. दिवाळीची गर्दी होती, आणि सकाळी दहाला गावाकडून फोन आला की बायकोची तब्येत फार बिघडलीय. बदलीचा माणूस आलेला नव्हता. आत्ता येईल, मग येईल, करत ते दोनपर्यंत गाड्या पुकारत बसले. दोनला नेकनूरची गाडी स्वतःच पुकारली आणि तिच्यातच जाऊन बसले. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. मुलगी तेव्हा अंबाजोगाईला शाळेच्या वसतिगृहात होती, सुट्टीला अजून घरी यायची होती. तिला त्यांनी सांगितलं, फोन दोनला आला होता. पुढं ती मोठी झाली, लग्न होऊन घाटनांदूरला एका दुकानदाराच्या घरी गेली, पण ते खोटं तसंच राहिलं.

शेवटी ते नटाला म्हणाले, "ये आप तक रखो साहब. बेटी को मालूम नहीं."

नटानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, ये बात मेरे साथ ही जाएगी."

सिनेमा आला. बीडच्या टॉकीजमध्ये मी आणि ते शेजारी शेजारी बसलो. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. सकाळचा फोन, न आलेला बदलीवाला, दोनची गाडी. एक गोष्ट जास्तीची होती. घरी अंथरुणावर पडलेली बायको पुन्हा पुन्हा नवऱ्याला हाक मारते आहे आणि इकडं त्याचा आवाज भोंग्यातून घुमतो आहे. आजूबाजूची माणसं डोळे पुसत होती. कंट्रोलर सरळ बसून होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं केलं त्यानं."

मुलीनं तो सिनेमा मोबाईलवर पाहिला. तिचा फोन आला तेव्हा मी फळीच्या अलीकडंच होतो. तिनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. यांचं उत्तर ऐकू आलं, "दहाला." पलीकडून फोन ठेवला गेला. त्या वर्षी ती पंचमीला आली नाही, दिवाळीलाही नाही.

सिनेमाला मोठे पुरस्कार मिळाले, अभिनयाचा आणि लेखनाचाही. डेपोच्या विश्रांतिगृहात एका ड्रायव्हरच्या मोबाईलवर आम्ही तो सोहळा पाहिला. निवेदिकेनं नटाला त्या प्रसंगाबद्दल विचारलं. तो हसून म्हणाला, "वो सीन? एक सुबह नींद से उठा और आ गया."

कंट्रोलरनी त्यानंतर वहीत काही चिकटवलं नाही. सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले.

पुढच्या वर्षी एका पुढाऱ्यानं त्या नटाचा बीडमध्ये नागरी सत्कार ठेवला. मानपत्र वाचायला आवाज हवा म्हणून आयोजक कंट्रोलरांच्या दारी गेले. ते नाही म्हणतील, अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "जातो. समोरासमोर बघू तरी."

मंडप भरला होता. त्यांनी मानपत्राचा कागद हातात घेतला, पण उघडला नाही. सालावार एकेक पुरस्कार तोंडपाठ सांगत गेले. लोक चकित झाले. शेवटचा पुरस्कार त्या सिनेमाचा होता, तिथं ते थांबले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. आता बोलतील, सगळ्यांसमोर बोलतील. त्यांनी तोही पुरस्कार स्वच्छ आवाजात सांगितला आणि कागद खाली ठेवला.

नट उठला, त्यांचा हात हातात घेतला. माईक चालूच होता, त्यामुळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"आवाज़ बहुत अच्छी है आपकी. कभी माइक पर काम किया है?"

कंट्रोलर म्हणाले, "किया जी. थोडा."

मंडपाबाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "तुमी बोलले कावून न्हाई?"

"काय बोलू? चोर असता तर भांडलो असतो. ह्याला तर ते त्याचंच वाटतंय." थोडं चालल्यावर म्हणाले, "उद्या घाटनांदूरला चल माझ्यासंगं. तिला ते पडद्यावरून कळलं. माझ्या तोंडून कळायचं राहिलंय."

आम्ही गेलो. मुलीनं आत घेतलं, पाणी दिलं. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही न लपवता. ती तोंड दुसरीकडं करून ऐकत होती. झाल्यावर तिनं एकच विचारलं, "आई तुमाला हाका मारत होती का?"

"ते त्यानं जोडलेलं हाय."

"पण मारत होती का न्हवती?"

त्या वेळी घरात फक्त कंट्रोलरांची आई होती, आणि तीही केव्हाच गेलेली. ते म्हणाले, "मला ठाऊक न्हाई, बाई. मी न्हवतो तिथं."

ती रडली. मग तिनं त्यांना जेवायला वाढलं. त्या दिवसापासून ती पुन्हा येऊ लागली.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला मी नेकनूरला गेलो तेव्हा मुलगी बाजूला येऊन म्हणाली, "काका, आबांचा चेहरा आठवायला गेलं की तो नटच समोर येतोय. तुमच्याकडं त्यांचा माईकसमोरचा एखादा फोटो हाय का?"

घरी येऊन मी सगळा मोबाईल धुंडाळला. अठरा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा माझ्याकडं एकच फोटो निघाला, शूटिंगच्या दिवसांतला. त्यांच्या खुर्चीत नट बसलाय. माईक त्याच्या हातात आहे. मागं कंट्रोलर उभे आहेत, कडेला, अर्धे कापले गेलेले.

मी फोटोतला नट काढून टाकला. एक खांदा, एक कान आणि निम्मं हसू उरलं. ते तिला पाठवलं. तिनं तेच मोठं करून भिंतीवर लावलंय.