मुक्तीवाल्यांनी नेलेलं टर्बाइन

पाथरीजवळच्या साखर कारखान्यात बारा वर्षं फिटर म्हणून काढल्यावर मी आफ्रिकेतल्या तशाच एका कारखान्यात गेलो. तिसऱ्या हंगामात तिथं बंडखोर आले. जुलमी सरकारपासून जनतेला सोडवायला आलोय, असं त्यांनी गेटवर भोंग्यातून सांगितलं. अंगावरच्या नव्या वर्दीची घडीसुद्धा मोडली नव्हती. बिस्किटाच्या पुड्यांवर शेजारच्या देशाचा शिक्का होता, बंदुकाही तिकडूनच आलेल्या.

त्यांचा कमांडर चष्मेवाला, लय बोलका. स्वातंत्र्यावर तासभर बोलायचा. पण सरहद्दीपलीकडून फोन आला की ताडकन उभा राहायचा आणि नुसती मान हलवायचा. आमच्याकडचा सालगडी निदान पाडव्याला मालक तरी बदलू शकतो. ह्याला तीही सोय नव्हती.

चौथ्या दिवशी असाच फोन झाला आणि त्यानं मला बोलावलं. "टर्बाइन खोल."

माझ्याबरोबर बॉयलरवरचा म्हातारा होता, तिथलाच. त्यानं विचारलं, "कशाला?"

"दुरुस्तीला न्यायचंय."

"चालू मशीन? आणि ट्रक तर सरहद्दीकडं तोंड करून उभे हायेत!" म्हातारा मोठ्यानं हसला. कमांडरनं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. स्वातंत्र्यावरचं भाषण मग त्या दिवशी झालं नाही.

मी खोलून दिलं. बंदुकीपुढं हात आपोआप चालतात. आठ दिवस नट काढत होतो आणि स्वतःच्याच हातांची किळस येत होती. म्हाताऱ्यानं मात्र वेग सांभाळणारा गव्हर्नर काढला आणि मळीच्या टाकीत सोडला; त्याच्याशिवाय टर्बाइन चालवता येत नाही. मी निघताना त्यानं हे कानात सांगितलं. "आता न्या म्हणावं," म्हणाला. गाल अजून काळानिळाच होता.

परदेशी कामगारांना बसनं बाहेर काढलं, तसा मी गावी, झरीला परतलो. एकदा हॉटेलात एक ओळखीचा दुकानदार मोबाइल दाखवायला लागला. त्यात तोच चष्मेवाला, हातात झेंडा.

"लय भारी हाय ह्यो गडी! अख्ख्या सरकारला पाणी पाजलं."

"त्यानं कारखाना सरहद्दीपलीकडं विकला," मी म्हणालो. "मीच खोलून दिला."

"तुमी काय बी सांगायलाव. पाव्हणं, क्रांतीत थोडंफार व्हायचंच."

हा माणूस साधी वीज गेली तरी वीजवाल्यांना तासभर शिव्या घालतो. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

म्हाताऱ्याचा अधूनमधून फोन येतो. कारखाना बंद पडल्यानं ऊस रानातच वाळला, लोकांनी पेटवून दिला. तो आता मका लावतो. तह झाला, चष्मेवाला मंत्री झाला. खातं कोणतं, असं मी विचारलं.

"उद्योग," म्हातारा म्हणाला. ह्या वेळी मात्र तो हसला नाही.