मंडईनंतर हरवणारी पुस्तकं

पवनीला लग्न होऊन आले तेव्हा माझ्यासोबत पुस्तकांनी जड झालेली एक पत्र्याची पेटी होती. सासरचा धंदा हातमागाच्या लुगड्यांचा. घरात वाचायचं म्हणजे पंचांग, तेही सणाच्या तोंडावर. इथे पुस्तकं कोण पळवणार, असं वाटून मी पेटीला कुलूप लावत नव्हते. सत्तरचं दशक सरता सरता पेटीतली पुस्तकं कमी होऊ लागली आणि माझं डोकं फिरलं.

पहिला संशय जावेवर. चूल पेटवायला ती सदा कागद शोधायची, आणि माझ्या हातात पुस्तक दिसलं की तिच्या कपाळाला आठ्या. मी चुलीतली राख काडीने ढवळून पाहिली. मग वाटलं, कुणीतरी रद्दीत घातली असतील. किराण्यातून आलेली जिऱ्याची, हळदीची प्रत्येक पुडी सोडवून मी कागद मांडीवर सपाट करायची. हे काय चाललंय, असं नवऱ्याने विचारलं. मी सांगितलं नाही. तेव्हा तोही मला साळसूद वाटत नव्हता.

दोन गोष्टी उशिरा लक्षात आल्या. पुस्तक जातं ते मंडईनंतर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरून जातं. आणि जातं ते नेमकं माझं लाडकं. म्हणजे चोर वाचणारा! पाहुण्यांत वाचणारे एकटे चुलतसासरे, शाळेत मास्तर. पुढच्या मंडईला सारं घर दंडारीचं नाटक बघायला गेलं, तेव्हा डोकं दुखतंय असं सांगून मी घरी थांबले आणि त्यांची पिशवी उचकली. त्यात धोतर आणि कडुनिंबाच्या काड्या होत्या. पाहुणे गेल्यावर पेटी पाहिली, तर एक कादंबरी कमीच.

पुढच्या वर्षी नणंदेकडच्या मंडईला मी गेले. तिचं सासर बपेऱ्याला, मध्यप्रदेशाच्या हद्दीजवळ. घरात सारे हिंदीच बोलत. तिने मला आतल्या खोलीत नेलं. कोनाड्यात माझी हरवलेली सगळी पुस्तकं रांगेत उभी होती, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. रागाने माझे कान तापले. पण ती लपवत नव्हती, कौतुकाने दाखवत होती.

"वहिनी, तुमी दरसाल आठवणीनं धाडता," ती म्हणाली. "या घरात माह्यासंगं मराठी बोलाले एवढीच हायेत."

सासूबाई तिच्या पाठवणीच्या गाठोड्यात पोह्यांच्या खाली पुस्तक घालायच्या आणि वहिनीनं वाचून तुझ्यासाठी दिलं, असं सांगायच्या. लेकीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत हे मला माहीत होतं. त्यात माझी पेटीही मोजली जाते, हे माहीत नव्हतं. नणंदेचे डोळे भरून आले होते. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर मात्र सासूबाईंना सरळ विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मांगतलं असतं तं देल्लं असतं का तूनं?"

मीही बसून तांदळातले खडे वेचू लागले. त्यांना तेवढं पुरलं.

पुढच्या दिवाळीनंतर नणंद आली, तेव्हा गाठोडं बांधायच्या वेळी मी आपणहून एक पुस्तक पुढे केलं. मनातून स्वतःवर खूष होते. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, कोऱ्या करकरीत पानांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"हे तुले आवडलं नाही म्हणून देऊन राहिली का?"

खरंच आवडलं नव्हतं. मी ते परत घेतलं, आणि पेटीच्या तळातून वाचून वाचून पाठीची शिवण उसवलेलं एक पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं.